आर्किमिडीजच्या गावचे नाणे

समजा, आपल्या तळहातावर एक जुने नाणे ठेवले आहे. आकाराने ते सध्याच्या एक रुपयाच्या नाण्याएवढे, पण त्याहून जाड आणि जड. रंग काळपट हिरवा. कड कोठे फाटल्यासारखी, कोठे गुळगुळीत. एका बाजूला दाढीवाल्या पुरुषाचे मस्तक असून केसांना फीत बांधलेली आहे. दुसऱ्या बाजूला एक नक्षीदार त्रिशूळ, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक डॉल्फिन आणि ग्रीक अक्षरांत एक शब्द : 'हिएरोनोस'.

त्रिशूळ पाहून आपल्या विद्यार्थ्यांना शंकराची आठवण होईल. पण हा ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन. 'हिएरोनोस' म्हणजे 'हिएरॉनचे'. नाण्यावर राजाचे नाव असे षष्ठी विभक्तीत घालण्याची ग्रीकांची रीत पुढे त्यांच्याबरोबर भारताच्या वायव्य भागापर्यंत आली. मिनँडर राजाच्या नाण्यांवर 'महरजस त्रतरस मेनंद्रस' असे प्राकृतात लिहिलेले आढळते. आपल्याकडच्या सातवाहनांच्या नाण्यांवरही राजाचे नाव 'सातकणिस' असे षष्ठीतच येते.

हा हिएरॉन म्हणजे सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरीचा राजा दुसरा हिएरॉन. तो इ. स. पू. २७० च्या सुमारास राजा झाला आणि इ. स. पू. २१५ मध्ये वारला. विज्ञानशिक्षकांना त्याची ओळख वेगळ्या वाटेने झालेली असते. सोनाराने सोन्याच्या मुकुटात चांदी मिसळली आहे की काय, हे मुकुट न मोडता शोधून काढण्याचे काम ज्याने आर्किमिडीजवर सोपवले, तो राजा हाच. ही गोष्ट व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने सुमारे दोनशे वर्षांनंतर लिहून ठेवली, त्यामुळे तिच्यातला तपशील कितपत खरा हा प्रश्न उरतोच. नाणे मात्र थेट त्या काळातले आहे. आर्किमिडीजने बाजारात भाकरी किंवा मासळी विकत घेतली असेल, तर ती अशाच नाण्यांनी घेतली असणार.

अर्थात, आपल्या हातातले नाणे खरे असेल तर!

प्राचीन ग्रीक नाणी जमवणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न असतोच. या लेखात त्याचेच दोन भाग करून पाहू. नाणे खरे आहे हे कसे ओळखायचे, हा पहिला भाग. आणि 'खरे नाणे' म्हणजे नेमके काय, हा दुसरा. पहिला भाग रसायन आणि भौतिकशास्त्राचा आहे. दुसरा वरवर सोपा दिसतो, पण खरी अडचण तेथेच आहे.

चांदीचा कण आणि ब्राँझचा तुकडा

सर्वांत जुनी नाणी इ. स. पू. सातव्या शतकात लिडिया या राज्यात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात, निघाली. ती सोने व चांदी यांच्या मिश्रधातूची होती. पुढे ग्रीक नगरांनी मुख्यतः चांदीची नाणी पाडली. या नाण्यांची किंमत त्यांतल्या धातूत होती. चांदी जितकी, तितके मोल.

मोठ्या व्यापाराला हे सोयीचे होते, पण भाजीबाजाराला नव्हते. अथेन्सच्या ड्रॅक्मा या चांदीच्या नाण्याचे वजन सुमारे ४.३ ग्रॅम. त्याचा सहावा हिस्सा म्हणजे ओबोल, ०.७२ ग्रॅम. किरकोळ खरेदीसाठी ओबोलचेही तुकडे लागत. अथेन्सने ओबोलच्या आठव्या हिश्शाचे नाणेही पाडले होते. त्याचे वजन ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी भरे. असे नाणे बोटांतून निसटले की मातीत शोधणे कठीण. ग्रीक लोक सुटे पैसे बाजारात जाताना चक्क तोंडात धरून नेत, ते उगाच नाही.

या अडचणीवरचा उपाय प्रथम सिसिली आणि दक्षिण इटलीतल्या ग्रीक वसाहतींनी काढला. सिसिलीतले मूळ रहिवासी ब्राँझ तोलून व्यवहार करत आणि त्यांच्या वजनाच्या मापाला 'लित्रा' म्हणत. ग्रीकांनी तीच कल्पना उचलली. अक्रागास या नगरीने इ. स. पू. पाचव्या शतकाच्या मध्यास ब्राँझ ओतून दाढेच्या आकाराचे तुकडे तयार केले. त्यांवर गरुड व खेकडा ही नगरीची चिन्हे असत, आणि किंमत कळावी म्हणून ठिपके दिलेले असत. काळ्या समुद्राकाठच्या ओल्बिया नगरीत तर डॉल्फिन माशाच्या आकाराचे ब्राँझचे ओतीव तुकडे वापरत.

हळूहळू हे तुकडे गोल झाले, ठशाने पाडले जाऊ लागले आणि हलके झाले. येथे एक मोठा बदल घडला. ब्राँझच्या नाण्याची किंमत आता त्यातल्या धातूत राहिली नाही, ती नगरीच्या शब्दात आली. 'हे नाणे आम्ही इतक्याला परत घेऊ' असा तो शब्द होता. म्हणूनच एकाच छापाच्या ब्राँझ नाण्यांच्या वजनांत एकदोन ग्रॅमचा फरक सहज सापडतो. तोलून घ्यायचेच नव्हते, तर काटेकोर वजनाची गरज काय?

शब्दावर चालणारे नाणे शब्द फिरला की बुडते. पेलोपोनेशियन युद्धाच्या अखेरीस, इ. स. पू. ४०६ च्या सुमारास, चांदी संपत आल्याने अथेन्सने तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी काढली, आणि काही वर्षांनी ती रद्द केली. ॲरिस्टोफेनीसच्या एका नाटकात या प्रसंगाची आठवण आहे. एक माणूस द्राक्षे विकून तोंडभर तांब्याची नाणी घेतो आणि पीठ घ्यायला बाजारात जातो. पिशवी पुढे करतो न करतो तोच दवंडी ऐकू येते की, तांब्याचे नाणे आता कोणी घेऊ नये. अशा दवंडीचा अनुभव आपल्यालाही अनोळखी नाही.

पुढे चौथ्या शतकात अथेन्ससह बहुतेक नगरांनी ब्राँझची नाणी नेहमीसाठी स्वीकारली. अथेन्समध्ये ब्राँझची आठ नाणी म्हणजे एक ओबोल. पण एक गोष्ट कायम राहिली. चांदीचे नाणे परगावीही धातूच्या भावाने चाले, तर ब्राँझच्या नाण्याला नगरीची वेस ओलांडली की फारशी किंमत नसे. त्यामुळे ते सहसा जेथे पाडले त्याच परिसरात फिरत राही आणि तेथेच हरवे. ही गोष्ट लक्षात ठेवू या, पुढे ती फार उपयोगी पडणार आहे.

नाण्यांवरच्या कथा

ग्रीक जगात शेकडो स्वायत्त नगरे होती आणि प्रत्येकीला आपले नाणे ओळखू यावे असे वाटे. लिहितावाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी खूण म्हणजे चित्र. आणि चित्रासाठी सर्वांत सोयीचा साठा म्हणजे पुराणकथा. मात्र नगरे कोणतीही कथा उचलत नसत. जिच्यावर आपल्या गावाचा हक्क सांगता येईल, ती कथा नाण्यावर येई.

कॉरिंथच्या लहान ब्राँझ नाण्यांवर पेगॅसस हा पंख असलेला घोडा आहे, कारण बेलेरोफोन या वीराने त्याला कॉरिंथमधल्या झऱ्याकाठी पकडले अशी कथा होती. इथाका हे लहानसे बेट. त्याच्या नाण्यांवर टोकदार टोपी घातलेला ओडिसियस, म्हणजे ट्रॉयच्या युद्धानंतर भटकत घरी परतलेला तेथला राजा. क्रीट बेटावरच्या नॉसस नगरीच्या नाण्यांवर भुलभुलैया, ज्यात अर्धा माणूस व अर्धा बैल असा मिनोटॉर कोंडलेला होता असे सांगत. काळ्या समुद्राकाठच्या पँटिकॅपियमच्या नाण्यांवर पॅन देवाचे मस्तक दिसते. हा नगरीच्या नावावरचा श्लेष समजला जातो.

त्याच समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील अमिसस नगरीचे, मिथ्रिडेटीस राजाच्या काळातले (इ. स. पू. १२०–६३) एक मोठे ब्राँझ नाणे संग्राहकांच्या विशेष आवडीचे आहे. त्यावर पर्सियस उभा आहे, हातात मेड्युसाचे कापलेले मस्तक आणि पायाशी तिचे धड. ही निवड राजकीयही होती. मिथ्रिडेटीस आपले कूळ इराणी राजांपर्यंत नेई, आणि इराणी लोक पर्सियसचे वंशज असे ग्रीक मानत. एका चित्रात ग्रीक आणि इराणी, दोन्ही प्रजांना सांभाळून घेतले होते.

अशा नाण्यांचा छंद युरोपात फार जुना आहे. चौदाव्या शतकात पेट्रार्क हा कवी रोमन नाणी जमवत असे. व्हिएन्नाच्या योसेफ एकेलने १७९२ ते १७९८ या काळात आठ खंडांचा ग्रंथ लिहून ग्रीक नाण्यांची प्रदेशवार व नगरवार मांडणी केली. आजच्या सूचींचा पाया तोच आहे. संग्राहक नसते तर अशी कितीतरी ब्राँझ नाणी वितळून भांड्यांत गेली असती, हेही मान्य केले पाहिजे. सोन्याचांदीच्या मानाने ब्राँझची नाणी स्वस्त, म्हणून सामान्य माणसाचा संग्रह बहुधा यांनीच सुरू होतो. हिएरॉनचे पोसायडन-नाणे तर मोठ्या संख्येने पाडले गेले, आणि म्हणून आजही बाजारात सहज दिसते.

आर्किमिडीजची युक्ती येथे चालेल का?

आता पहिला प्रश्न. हिएरॉनच्या मुकुटाची परीक्षा घनतेवरून झाली. मग त्याच्याच नाण्याची परीक्षा त्याच युक्तीने का करू नये? करून पाहू.

सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम, चांदीची १०.५. दोहोंत एवढे अंतर असल्याने सोन्यातली भेसळ घनतेत उतरते. ब्राँझमधील धातू पाहा : तांबे ८.९६, कथील ७.३, शिसे ११.३. ग्रीक ब्राँझमध्ये तांब्यात काही टक्के कथील असे, आणि नंतरच्या काळात शिसेही घालत. समजा, एका नाण्यात ९० टक्के तांबे व १० टक्के कथील आहे. १०० ग्रॅम धातूचे घनफळ (९० ÷ ८.९६) + (१० ÷ ७.३) म्हणजे सुमारे ११.४ घन सेंमी, आणि घनता सुमारे ८.८. आता दुसरे नाणे ८० टक्के तांबे, १० टक्के कथील व १० टक्के शिसे असे घ्या. याच रीतीने घनता येते सुमारे ८.९, म्हणजे जवळजवळ शुद्ध तांब्याइतकी! कथिलाने हलके केले ते शिशाने भरून काढले. मिश्रण होताना घनफळात होणारा किंचित बदल आपण येथे सोडून दिला आहे, पण निष्कर्ष त्याने बदलत नाही.

त्यात दोन हजार वर्षांचा गंज. तांब्याच्या लाल ऑक्साइडची घनता सुमारे ६, हिरव्या मॅलाकाइटची सुमारे ४. गंज जितका अधिक तितकी नाण्याची घनता कमी, मग आतला धातू काहीही असो. शिवाय ज्याला खोटे नाणे करायचे आहे तो आजही तांबे आणि कथील योग्य प्रमाणात वितळवू शकतो. तेव्हा आर्किमिडीजची युक्ती त्याच्या गावच्या सुट्या पैशांपुढे हरते. (शाळेत तांब्यापितळेच्या तुकड्यांवर हा प्रयोग जरूर करावा. कोणती पद्धत कोठे चालत नाही हे कळणे, हाही विज्ञानाचाच भाग आहे.)

मग खरेखोटे ओळखायचे कसे?

प्रथम नाणे कसे तयार होई ते पाहू. धातूची कोरी चकती साच्यात ओतून करत. ती तापवून ऐरणीत बसवलेल्या खालच्या ठशावर ठेवत. वर दुसरा ठसा धरून त्यावर हातोड्याचा घाव घालत. घावाने धातू बाहेरच्या बाजूला सरकतो, म्हणून चित्राच्या कडेला सरकल्याच्या बारीक रेषा उमटतात आणि नाण्याच्या कडेला कधी तडे जातात. चित्र बहुधा नेमके मध्यावर येत नाही.

खोटे नाणे बरेचदा खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेले असते. अशा नाण्यात भिंगाखाली हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खळगे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात, आणि साच्याचे दोन भाग जुळले तेथली रेघ घासून काढल्याची खूण कडेवर सापडते. याहून पक्का पुरावा तुलनेतून मिळतो. हाताने पाडलेली दोन नाणी एकाच ठशाची असली तरी त्यांच्या कडा, तडे आणि चित्राची जागा वेगवेगळी असते. म्हणून दोन नाणी ओरखड्यांसह अगदी हुबेहूब सारखी निघाली, तर त्यांतले निदान एक तरी खोटे समजावे.

तिसरा साक्षीदार गंज. चिंचेचे सार पितळी भांड्यात ठेवले की कळकते, हे घरोघरी माहीत आहे. जमिनीत नाणे असेच, पण शतकानुशतके कळकत राहते. धातूला लागून लाल ऑक्साइडचा थर, त्यावर हिरवे कार्बोनेट, कधी निळे. हा थर धातूच्या कणाकणांमधील फटींतून आत शिरलेला असतो, त्यामुळे तो सहजी सुटत नाही. आम्लाने झटपट आणलेला हिरवेपणा वरवरचा असतो. रंग लावलेला असेल तर ॲसिटोनच्या बोळ्याने तो कापसावर उतरतो.

प्रयोगशाळेत क्ष-किरण प्रतिदीप्तीने नाणे न मोडता त्यातली मूलद्रव्ये मोजता येतात. हिएरॉनच्या नाण्यात भरपूर जस्त निघाले तर ते खोटे, कारण आशिया मायनरमधल्या काही टांकसाळींनी पितळ वापरायला सुरुवात केली ती इ. स. पू. पहिल्या शतकात. पण हे किरण पृष्ठभागाजवळचीच माहिती देतात, आणि गंजलेल्या पृष्ठभागातून तांबे निघून गेल्याने तेथे कथिलाचे प्रमाण वाढलेले असते. म्हणून आकडा आला तरी तो वाचणारा जाणकार लागतो.

खोटी नाणी करणारेही अडाणी नसतात. जर्मनीतल्या कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) याने स्वतः ठसे कोरून प्राचीन नाण्यांचे तीनशेहून अधिक प्रकार तयार केले. नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या किसाच्या डबीत घालून घोडागाडीला बांधून फिरवत असे, असे सांगतात. त्याचा भर सोन्याचांदीवर होता. आता ब्राँझलाही गिऱ्हाईक आहे, त्यामुळे त्यातही फसवणूक चालते. झिजलेले खरे नाणे घेऊन त्यावर नवा छाप मारतात, म्हणजे धातू जुना आणि चित्र नवे. किंवा पुसट झालेला पोसायडन सुईने कोरून ठळक करतात, म्हणजे नाणे खरे आणि चेहरा खोटा.

याउलट, खरे नाणे हातात येऊनही हातचे जाऊ शकते. जमिनीतल्या मिठामुळे गंजाखाली तांब्याचे क्लोराइड दडलेले असते. त्याला दमट हवा मिळाली की फिकट हिरवी भुकटी तयार होते आणि सोबत आम्ल सुटते. ते आम्ल आणखी तांबे खाते, पुन्हा क्लोराइड बनते, पुन्हा भुकटी. याला 'ब्राँझचा रोग' म्हणतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवली तर तो थांबतो. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या कपाटातले नाणे म्हणूनच धोक्यात असते. सिलिका जेलसह हवाबंद डबी हवी. आणि चिंच-लिंबाने नाणे लख्ख करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. चकाकीबरोबर पुरावाही धुऊन जातो.

नाण्याचा पत्ता

आता दुसरा प्रश्न. या साऱ्या परीक्षांतून आपले नाणे पार पडले. धातू खरा, छाप खरा, गंज खरा. मग आपल्याला त्याच्याविषयी सगळे कळले का?

सिसिलीच्या मध्यभागी ऐदोने नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच्या सेर्रा ऑर्लांदो या डोंगरपठारावर एका प्राचीन नगरीचे अवशेष आहेत. प्रिन्स्टन विद्यापीठाने १९५५ साली तेथे उत्खनन सुरू केले, तेव्हा ही नगरी कोणती याचा खात्रीने निर्णय झालेला नव्हता. तेथल्या मातीत एक विशिष्ट ब्राँझ नाणे वारंवार सापडू लागले. एका बाजूला मस्तक, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि लॅटिन अक्षरांत 'हिस्पानोरुम', म्हणजे 'स्पॅनिश लोकांचे'. सिसिलीच्या मध्यावर स्पॅनिश लोक कोठून आले?

उत्तर लिव्ही या रोमन इतिहासकाराच्या ग्रंथात होते. हिएरॉनच्या मृत्यूनंतर सिराक्यूज रोमविरुद्ध गेले. आर्किमिडीजच्या यंत्रांनी शहराला दीर्घकाळ तारले, पण इ. स. पू. २१२ मध्ये ते पडले आणि त्या धामधुमीत आर्किमिडीज मारला गेला. शहर रोमनांच्या हाती देण्यात एका स्पॅनिश भाडोत्री सरदाराचा हात होता. बक्षीस म्हणून त्याच्या सैनिकांना इ. स. पू. २११ मध्ये मॉर्गन्टिना ही नगरी देण्यात आली. केनान एरिम या संशोधकाने १९५८ साली दोन्ही धागे जोडले. ब्राँझचे नाणे वेशीबाहेर फारसे जात नाही. 'हिस्पानोरुम' नाणी येथेच एवढी सापडतात, अर्थात ही नगरी मॉर्गन्टिना.

ही नाणी संग्राहकांना आधीपासून माहीत होती आणि ती पूर्णपणे खरी होती. पण संग्रहातल्या नाण्याला पत्ता नव्हता, म्हणून ते या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नव्हते. तेच नाणे मातीत, जागेवर सापडले आणि हरवलेल्या नगरीला नाव मिळाले.

आणखी एक उदाहरण तेथलेच. रोमचे प्रसिद्ध चांदीचे नाणे डिनॅरियस प्रथम केव्हा निघाले यावर मोठा वाद होता. प्लिनीच्या लेखनावरून इ. स. पू. २६९ च्या सुमारास, तर विसाव्या शतकातल्या काही विद्वानांच्या मते इ. स. पू. १८७ च्या आसपास. मॉर्गन्टिनामध्ये इ. स. पू. २११ च्या विध्वंसाच्या थराखाली अगदी सुरुवातीचे डिनॅरियस मिळाले. राखेखाली सापडलेले नाणे राखेपूर्वीचेच असणार. त्यामुळे आज डिनॅरियसचा आरंभ इ. स. पू. २११ च्या सुमारास धरतात. हीच नाणी कोणी चोरून उकरून बाजारात विकली असती, तर त्यांच्या चांदीत काही उणे आले नसते. वाद मात्र तसाच राहिला असता.

दुर्दैवाने मॉर्गन्टिनामध्ये चोरटे खोदकामही पुष्कळ झाले. तेथून गेलेली सोनेरी मुलाम्याची चांदीची १६ भांडी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९८० च्या दशकाच्या आरंभी विकत घेतली होती. ती २०१० मध्ये इटलीला परत मिळाली. १९८८ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या गेटी संग्रहालयाने घेतलेली देवीची भव्य मूर्ती २०११ मध्ये परतली. दोन्ही आता ऐदोनेच्या संग्रहालयात आहेत. भांडी परत आली, पण ती जमिनीत कशी ठेवली होती आणि शेजारी काय होते, हे सांगणारी माती परत येऊ शकत नाही.

संग्राहकाची जबाबदारी

मूर्ती चोरीला गेली तर निदान बातमी होते. ब्राँझचे नाणे स्वस्त, म्हणून त्याची बातमी होत नाही. धातुशोधक यंत्र घेऊन रात्री शेते धुंडाळणारा माणूस मूठभर नाणी उचलतो, त्यांतली चांगली विकतो आणि बाकीची फेकून देतो. प्रत्येक खड्ड्याबरोबर एखाद्या मॉर्गन्टिनाचा पुरावा पुसला जाण्याची भीती असते. म्हणूनच इटलीत १९०९ च्या कायद्यापासून जमिनीत सापडलेल्या प्राचीन वस्तू सरकारच्या मालकीच्या मानल्या जातात. सांस्कृतिक ठेव्याच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० साली झाला, आणि भारताने त्याला १९७७ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेने २०११ मध्ये इटली व ग्रीसमधून येणाऱ्या काही प्रकारच्या प्राचीन नाण्यांवरही आयातबंधने घातली.

मग छंदच सोडायचा का? तसे नाही. पण संग्राहकाने विक्रेत्याला 'खरे आहे ना?' एवढेच विचारून थांबू नये. 'हे कोठून आले, यापूर्वी कोणाकडे होते, त्याचे कागद काय?' हेही विचारले पाहिजे. जुन्या, नोंदलेल्या संग्रहातून आलेले नाणे घेण्यात आणि काल उकरलेले, माती लागलेले नाणे स्वस्तात घेण्यात फरक आहे. माती लागलेले नाणे अस्सल वाटते खरे, पण ती माती म्हणजे नुकत्याच पुसलेल्या पुराव्याचा शेवटचा तुकडा असू शकतो.

आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या हाती ग्रीक नाणे येईल. पण नांगरताना किंवा पाया खणताना जुनी नाणी निघणे हे आपल्याकडेही घडते, आणि ती विद्यार्थ्यांमार्फत शाळेत येतात. अशा वेळी ती घासू नयेत, वाटून घेऊ नयेत; कोणत्या शेतात, किती खोल, कशासोबत सापडली ते त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि सरकारला कळवावे. दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळवण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्याने घातले आहे. वर्गात नाणी जमवण्याचा उपक्रम घेतला, तर वहीत 'काय' या रकान्याच्या आधी 'कोठे' हा रकाना आखून घ्यावा. मुलांना ही सवय एकदा लागली की नाण्यापलीकडेही उपयोगी पडते.

शेवटी मॉर्गन्टिनाचीच एक हकीकत. चांदीची भांडी ज्या घरातून गेली असे मानले जाते, तेथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस माल्कम बेल यांच्या नेतृत्वाखाली पद्धतशीर उत्खनन झाले. चोरांचे खड्डे सापडले, आणि त्यांतल्या उकरलेल्या मातीत एक नाणे मिळाले : १९७८ साली पाडलेले इटलीचे १०० लिरांचे. खोदणाऱ्यांपैकी कोणाच्या खिशातून ते पडले असावे. चोरी त्या वर्षापूर्वीची नाही, हे त्या नाण्याने सांगितले. इटलीच्या त्या काळच्या १०० लिरांच्या नेहमीच्या नाण्यावर मिनर्व्हा उभी असे, म्हणजे ग्रीकांची अथीना. पोलादाचे ते चिल्लर नाणे बाजारात कोणी जमवलेही नसते. पण ते जेथे पडले तेथेच सापडले आणि त्याची नोंद झाली, म्हणून ते पुरावा ठरले.